अकरा नळ्यांची उधारी

मोमोह खाटकाची उधारी अजून फिटलेली नाही.
अकरा श्वासनळ्या, बकऱ्याच्या.
दर शनिवारी केळीच्या पानात गुंडाळून
केनेमाच्या आमच्या इस्पितळात, मागच्या दाराशी आणून ठेवायचा
आणि विचारायचा, "सिस्टर बैंदू, कसला रस्सा करता याचा?"

रस्सा नाही, मोमोह.
शिकतोय आम्ही.

सव्वीस वर्षं मी रजिस्टर लिहिलं.
नाव, गाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात एक शब्द.
फाटकाजवळच्या बाकावर माणसं नंबर धरून बसत:
आधी कार्ड, मग पैसे, मग डॉक्टर.
मरण तेवढं बिनकार्डाचं,
रांग मोडून पुढे यायचं.
बाकाला कोणी बोल लावला नाही.
मीही नाही,
माझ्या भावाला त्याच्यावरूनच उचललं होतं तरी.

मग फोदे कालोन अक्राहून परतला,
तीन वर्षं फक्त पहिला तास शिकून.
"एका तासाला तीन वर्षं?" हसले आमचे मोठे सर्जन.
"हो," तो म्हणाला, "माणूस त्यातच असतो. नंतर तुमच्याकडे येतो,
आला तर."

पहिल्याच दिवशी त्यानं बाक उचलून भिंतीपलीकडे ठेवला,
माझ्या रजिस्टरात पट्टी धरून एक रेघ ओढली.
नवा रकाना: कोणी हात लावला, किती वाजता.
तो महिनाभर भरताना पेन जड झालं.
आली सातला, हात लागला सव्वादहाला.
माझंच अक्षर. मीच वाचायचं.

सहा जण मिळाले त्याला.
त्यातला एक लहाई, अँब्युलन्सचा ड्रायव्हर,
गाडी डिझेलवाचून आंब्याखाली उभी म्हणून मोकळा.
टेबलावर नळी, हातात ब्लेड.
"कंठमण्याच्या खाली बोट सरकवा. खळगा लागला? तिथे."
जेनेबाचा हात थरथरायचा.
नळी निसटून जमिनीवर,
आणि दारातलं मांजर तर टपलेलंच.

दोघं गेले. एक फ्रीटाऊनला,
एक त्याहून पुढे, समुद्रापलीकडे.
तिकडून थंडी कळवते.
राग नाही असं म्हणणार नाही.
स्वतःचं पगाराचं पाकीट उघडलं की थोडा उतरतो.

त्या रात्री कालोन राजधानीत होता,
ऑक्सिजनच्या कागदावर सही मागत. फोन लागेना.
ओकाडावर दोघांच्या मध्ये धरून एका पोराला आणलं.
जबडा जागेवर नव्हता.
तोंडात श्वासाला जागाच नव्हती.
मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून सात.

लहाईनं टॉर्च धरला.
जेनेबा कोणाला काही विचारेना.
बोट सरकवलं.
हात थरथरत होता, मी पाहिला,
आणि थरथरतच त्यानं नेमकं कापलं.
फुटक्या भात्यासारखा एक आवाज,
मग छाती वर आली. पुन्हा आली.

दोन वाजून अकरा, लिहिलं मी.
हात लावणारी: जेनेबा सॅमा.
शेवटचा रकाना कोरा ठेवला.
घाई कसली आहे त्याची.

सकाळी फोन लागला. सगळं ऐकून
कालोन बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "पुढच्या तुकडीला तीच शिकवेल."
आणि ऑक्सिजन?
"उद्या या म्हणालेत."

शनिवारी जेनेबा स्वतः बाजारात गेली.
मोमोह सुरीला धार लावत होता.
उधारीचा विषय त्यानंच काढला, दमानं, बोटांवर मोजत.
"बारावी दे," ती म्हणाली,
"आणि जरा लांब ठेवून काप.
नवी पोरं आहेत, हात थरथरतात."